नाइट व्हिजनसाठी इन्फ्रारेड लेझर : किती मिलिवॅटचा, कुठल्या क्लासचा, कुठून घ्यावा?

भातखाचर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहणारे आणि रात्रीच्या शिकारीला जाणारे काही मराठी लोक इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय.

मी टेक्सासात, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. ग्रीन कार्ड आहे. एल कॅम्पोजवळ एका मित्राची भातशेती आहे. मी मूळचा गुहागरकडचा, त्यामुळे खाचर आणि बांध काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. इथलं एकेक खाचर आमच्या वाडीएवढं असतं, पण दुखणं तेच आहे : रानडुकरं. रात्री कळप उतरतो, बांध उकरतो आणि बांध फुटला की पाणी निघून जातं. मित्र बिचारा दर आठवड्याला ट्रॅक्टर घेऊन बांध सावरत बसतो. त्याने मला रात्री येऊन डुकरं मारायची लेखी परवानगी दिली आहे.

माझ्याकडे पीव्हीएस-१४ आहे, म्हणजे रात्री बघायची एकडोळी दुर्बीण, हेल्मेटवर बसवलेली, जेन ३ (तिसऱ्या पिढीच्या) प्रकाश वाढवणाऱ्या ट्यूबची. रायफल .३०० ब्लॅकआउट काडतुसाची. अडचण अशी की डोळ्यावर पीव्हीएस-१४ असताना रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावता येत नाही. सगळे म्हणतात इन्फ्रारेड लेझर लाव, ठिपका जिथे दिसेल तिथे गोळी जाईल. शोधायला गेलो तर तीन प्रकार दिसले. नावाजलेल्या कंपन्यांचे ‘सिव्हिलियन’ लेझर, ०.७ मिलिवॅटचे, हजार डॉलरच्या वर. हुबेहूब तसेच दिसणारे, ‘फुल पॉवर’ लिहिलेले, काहीशे डॉलरमध्ये. आणि एका गन शोमध्ये एकाने लष्करातला म्हणून एक जुना लेझर दाखवला, कागदपत्र काही नाही.

०.७ मिलिवॅट पुरतं का? इतके पैसे टाकून मुद्दाम दुबळा केलेला माल का घ्यावा, हे मला कळत नाहीये. आणि इल्युमिनेटर, म्हणजे इन्फ्रारेड उजेड टाकणारा दिवा, वेगळा लागतो का?

मिलिवॅट

भाऊ, सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट सल्ला डोळ्यावर बेततो. मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत लेझर सुरक्षेचं काम बघतो आणि हिवाळ्यात ब्रेझॉस नदीकाठच्या शेतांवर डुकरांच्या मागे असतो. दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी डोळा. दिसणारा लेझर, लाल किंवा हिरवा, डोळ्यावर आला तर पाव सेकंदात पापणी मिटते, मान वळते. दिसणाऱ्या कमी ताकदीच्या लेझरचा सुरक्षेचा हिशोब त्या पाव सेकंदावरच बेतलेला आहे. इन्फ्रारेडमध्ये ही राखण नाही. डोळ्याला प्रकाश दिसतच नाही, मग पापणी कशाला मिटेल? आणि ७०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन पडद्यावर एकवटतो, अगदी दिसणाऱ्या प्रकाशासारखाच. अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते. तेवढ्या दारातून आत गेलेला झोत पडद्यावर केसाहून बारीक ठिपक्यात गोळा होतो. बुबुळावर जी प्रखरता असते तिच्या सुमारे एक लाख पट प्रखरता पडद्यावर होते. पडद्याला वेदनेच्या नसा नसतात. त्यामुळे भाजलं तरी त्या क्षणी दुखत नाही, नंतर वाचताना मधली अक्षरं गायब दिसायला लागली की कळतं. ती अक्षरं परत येतीलच असं नाही.

आता ०.७ चा आकडा. तो कुणी मनाला येईल तसा ठरवलेला नाही. नुसत्या डोळ्याने कितीही वेळ पाहिलं तरी इजा होणार नाही, ही क्लास १ ची मर्यादा. ८३५ नॅनोमीटरला ती साधारण ०.७३ मिलिवॅट येते आणि ८५० ला साधारण ०.७८. पापणीची मदत धरता येत नाही म्हणून इन्फ्रारेडला ही मर्यादा इतकी खाली आहे. एल-थ्री कंपनीच्या एटीपीआयएएल-सी या सिव्हिलियन लेझरचा इन्फ्रारेड ठिपका ०.७ मिलिवॅटचा असतो तो याच हिशोबाने. त्याच घाटाचा लष्करी पीईक्यू-१५ मोठ्या ताकदीवर २५ मिलिवॅट टाकतो, म्हणजे पस्तीसपट. तो क्लास ३बी मध्ये जातो, म्हणजे थेट डोळ्यावर आला तर इजा करू शकणाऱ्या वर्गात. सैनिकाच्या हातात तो देताना मागे प्रशिक्षण असतं, शिस्त असते, कुणाच्या दिशेने कधी चालू करायचा याचे हुकूम असतात. आपल्या शेतावर मित्र, त्याचा मुलगा, त्याची कुत्री असतात, आणि त्यांच्यातल्या कुणाच्याच डोळ्यावर काही नसतं.

एक गोष्ट नवीन माणसाच्या ध्यानात येत नाही. पीव्हीएस-१४ लावलेला डोळा तसा सुरक्षित असतो, कारण ट्यूबमधून प्रकाश आरपार येत नाही. तुम्ही बघता तो आतल्या फॉस्फरच्या पडद्यावरचा उजेड. दुसरा डोळा मात्र उघडा असतो. तुमचाही आणि शेजाऱ्याचाही. ट्यूबलाही लेझर सोसत नाही. थेट मारा झाला तर तिच्यावर कायमचा डाग पडतो, आणि ट्यूबची किंमत तुम्हाला माहीत आहेच.

तुमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, तो म्हणजे पाणी. भरलेल्या खाचरावर सरळ वरून प्रकाश टाकला तर पाणी जेमतेम २ टक्के परत फेकतं. पण तुम्ही बांधावर उभे राहून पन्नास यार्डांवरच्या डुकरावर झोत धरता तेव्हा तो जवळजवळ आडवा जातो, आणि तशा कोनात निम्म्याहून पुष्कळ जास्त प्रकाश पाण्यावरून निसटून पुढे जातो. पलीकडे शेतरस्ता असेल, पिकअप उभी असेल, कुणी चालत येत असेल, तर झोत तिथे पोचला. क्लास १ असेल तर चिंता नाही. त्या ‘फुल पॉवर’वाल्याने काय होईल ते मी सांगू शकत नाही, कारण त्यातून खरोखर किती मिलिवॅट निघतात हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हेच गोळीचंही. उथळ कोनात गोळी पाण्यावरून उसळते. मागे मातीचा चढ किंवा जाड बांध नसेल तर ठिपका कितीही छान बसला असला तरी बार काढायचा नाही.

स्वस्त नकलांबद्दल माझं मत कडक आहे, आणि ते कामातून आलेलं आहे. चिकटवलेल्या पट्टीवर ‘५ मिलिवॅटहून कमी’ लिहिलेलं आणि आतून त्याच्या कितीतरी पट निघालेलं, असे लेझर पॉइंटर मी मोजणीच्या टेबलावर पाहिले आहेत. नुसतं माझं ऐकू नका. २०१० साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक स्वस्त हिरवा पॉइंटर तपासला. वर १० मिलिवॅट लिहिलेलं होतं. हिरवा प्रकाश तर त्याहून खूप कमी निघाला, पण सोबत जवळजवळ २० मिलिवॅट अदृश्य इन्फ्रारेड बाहेर पडत होतं, कारण ते अडवणारी गाळणीच त्यात बसवलेली नव्हती. दिसणाऱ्या लेझरमध्ये ही गत. ज्याचा सगळाच प्रकाश अदृश्य, त्यात वरच्या पट्टीवर कसा विश्वास ठेवायचा?

कायदा म्हणाल तर अमेरिकेत लेझरवर एफडीएची नजर असते. औषधांवर असते तीच संस्था. सामान्य ग्राहकाला विकायच्या नेम धरण्याच्या लेझरना ताकदीची मर्यादा आहे आणि ती पाळायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. म्हणून घेताना वस्तू हातात धरून पट्टी वाचा. क्लास लिहिलेला हवा, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, बनवल्याचा महिना-वर्ष हवं, आणि संघराज्य नियमावलीतल्या २१ सीएफआर १०४०.१० या कलमाशी सुसंगत असल्याची ओळ हवी. गन शोमधल्या त्या बिनकागदाच्या लष्करी नगाला हात लावू नका. तो सरकारी मालमत्ता निघाला तर तुमच्या ग्रीन कार्डासकट सगळं अडचणीत येईल.

आता तुमचा खरा प्रश्न, ०.७ पुरतं का. पुरतं. तुमची ट्यूब मंद प्रकाश हजारोपट वाढवते. अमावास्येच्या आसपास शंभर-दीडशे यार्डांवर ठिपका स्वच्छ दिसतो. पौर्णिमेला तो फिका पडतो, आणि मागे गावाचे दिवे असले की आणखी फिका. पण तुम्हाला शंभर यार्डांच्या आत काम करायचंय. तिथे जास्त ताकद उलट आडवी येते : ठिपका फुलतो, त्याचं वलय होतं आणि त्या वलयाखाली डुकराचं डोकंच झाकलं जातं. ०.५ मिलिरेडियन पसरणारा झोत शंभर यार्डांवर साधारण पावणेदोन इंचांचा होतो. कानामागे नेम धरायला एवढाच लहान ठिपका हवा.

माणसं ज्याला ‘लेझर कमी पडतोय’ म्हणतात ती बहुतेक वेळा उजेडाची कमतरता असते. ठिपका दिसतो, डुक्कर दिसत नाही. ती गरज इल्युमिनेटरची. तो पसरट झोत टाकतो, रात्रीच्या टॉर्चसारखा, फक्त उघड्या डोळ्याला न दिसणारा. जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. आणि इथे एलईडीचा पर्याय आहे. एलईडी हा लेझर नव्हे, त्यामुळे लेझरच्या मर्यादा त्याला लागू होत नाहीत. स्टायनरच्या डीबीएएल-ए३ मध्ये लेझरचा ठिपका आणि इल्युमिनेटर एकाच डब्यात येतात. शुअरफायरच्या व्हॅम्पायर दिव्यात पांढरा आणि इन्फ्रारेड दोन्ही मिळतात. बी. ई. मायर्सचा एमएडब्ल्यूएल-सी१+ हातात बसायला आणि अंतरानुसार बटण बदलायला सगळ्यांत सुरेख आहे, पण दोन हजार डॉलरच्या वर जातो. तुमच्या कामाला एटीपीआयएएल-सी किंवा डीबीएएल-ए३ यांतला एक आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा, एवढं भरपूर झालं.

दिवा निवडताना ताकदीपेक्षा झोताचा पसारा बघा. एल कॅम्पोकडे हिवाळ्यात आखाताकडून धुकं येतं. आंबोली घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर जसं समोर पांढरं फटक होतं, तसंच इल्युमिनेटर जोरात लावला की ट्यूबमध्ये होतं. गवताची चार पाती जरी झोताच्या तोंडाशी आली तरी सगळा उजेड त्यांच्यावरच सांडतो आणि पलीकडचं शेत काळं होतं. तेव्हा ताकद कमी करता येणारा, झोत आवळता येणारा दिवा घ्या.

पाणवठा

मिलिवॅट दादांनी सगळं सांगितलंच आहे. मी थर्मलवाला, म्हणजे उष्णता दाखवणारी दुर्बीण वापरणारा, सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला असतो. माझ्याकडून एवढीच भर : लेझर आणि थर्मल यांची सरमिसळ करू नका. थर्मल बघतो ती अंगातली उष्णता, ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातली. ८५० नॅनोमीटर म्हणजे ०.८५ मायक्रॉन. त्यामुळे लेझरचा ठिपका थर्मलमध्ये दिसत नाही. दुकानात असं विचारणारे मी पाहिलेत की थर्मल गॉगल आणि इन्फ्रारेड लेझर एकत्र चालेल का. नाही चालणार.

डुकरं शोधायला मात्र थर्मलला तोड नाही. कळप उंच गवतात असला तरी पाठी उजळलेल्या दिसतात. पण अंग ऊबदार आहे एवढंच थर्मल सांगतो. ते डुक्कर आहे, वासरू आहे की मालकाचं कुत्रं आहे, हे दूरवरून ठरवताना माणूस फसतो. म्हणून मी हातात लहान थर्मल ठेवतो, त्याने शोधतो, आणि बार काढायच्या आधी पीव्हीएस-१४ ने इन्फ्रारेड उजेडात ओळख पटवतो. ओळख पटली नाही तर त्या रात्री कळप जाऊ देतो.

भातखाचर

दोघांचे आभार. पाण्यावरून झोत निसटण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. आमचा पश्चिमेचा बांध थेट शेतरस्त्याला लागून आहे, तेव्हा तिकडे तोंड करून काही करायचंच नाही असं मित्राशी आजच बोललो.

एक वेगळं विचारतो. काहीजण म्हणतात लेझर लावूच नको, रेड डॉट (रायफलवरची, काचेत लाल ठिपका दाखवणारी नेमाची चौकट) उंच बसव आणि पीव्हीएस-१४ मधून त्यातूनच बघ. हे जमतं का? आणि माझा एक चुलतभाऊ डॅलसला एच-१बी वर आहे, त्यालाही सोबत यायचंय. त्याला न्यायला काही हरकत?

मिलिवॅट

रेड डॉटचा मार्ग उत्तम आहे, आणि खरं तर तुम्ही तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं. त्यातून समोर लेझरचा झोत जात नाही, तेव्हा समोरच्याच्या डोळ्याला तसा धोका नाही. एमपॉइंट टी-२ मध्ये नाइट व्हिजनसाठी वेगळ्या मंद पायऱ्या आहेत, इओटेकच्या ईएक्सपीएस३ मध्येही आहेत. साध्या रेड डॉटची सर्वांत मंद पायरीसुद्धा ट्यूबमध्ये फुलते, म्हणून या पायऱ्या हव्यात. डॉट नेहमीपेक्षा उंच बैठकीवर बसवायचा, साधारण सव्वादोन इंच, म्हणजे मान सरळ ठेवून हेल्मेटवरच्या ट्यूबमधून त्यात बघता येतं. नेहमीच्या उंचीवर ठेवलात तर पीव्हीएस-१४ रायफलला आपटतो आणि मान आखडते.

उणीव दोन ठिकाणी जाणवते. दाट काळोखात डॉट दिसतो पण त्यामागचं जनावर दिसत नाही, तेव्हा इल्युमिनेटर लागतोच. आणि डुकरं पळायला लागली की काचेच्या त्या छोट्या चौकटीत डोळा आणायला वेळ जातो. लेझरमध्ये रायफल खांद्याला नीट नसली तरी ठिपका दिसतो. शेतावर मी पहिला बार नेहमी रेड डॉटमधून काढतो, तिपाईवर टेकून, निवांत. लेझर त्यानंतरच्या धावपळीसाठी. झोत कमीत कमी वेळ चालू राहतो हे मला महत्त्वाचं वाटतं. बटण दाबून धरलं तरच चालू राहील असा दाबस्विच लावा, कायम चालू ठेवायची पायरी वापरू नका.

आणि झोत आकाशाकडे कधीच नाही. विमानावर किंवा हेलिकॉप्टरवर लेझर रोखणं हा संघराज्य कायद्याखाली ५ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. इन्फ्रारेड आहे, दिसत नाही, म्हणून सुटका होईल या भ्रमात राहू नका. नाइट व्हिजन लावून उडणाऱ्या वैमानिकाला तो झोत जमिनीपासून आभाळापर्यंत काठीसारखा दिसतो, आणि काठीच्या बुडाशी कोण उभं आहे हेही.

चुलतभावाबद्दल मी बोलत नाही, त्यासाठी नदीकाठच्या ताई आहेत इथे, त्यांनी हा विषय पूर्वीही नीट सांगितला आहे.

ग्वादालूपकाठची

आले. भातखाचर भाऊ, हे ठळक करून वाचा, कारण यात मराठी मुलं अजाणता अडकू शकतात.

एच-१बी, एफ-१ असे जे बिगरस्थलांतरित व्हिसे आहेत, त्यांवर आलेल्या माणसाला संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. मित्राची बंदूक हातात धरून एक बार काढला तरी ती ‘बाळगणं’ ठरू शकते. कलम १८ यूएससी ९२२(जी)(५). त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना.

इथेच टेक्सासात गफलत होते. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. हे ऐकून सगळे म्हणतात, चला, कागद लागत नाही. राज्याच्या कायद्याने लागत नाही, बरोबर. पण एच-१बी वरच्या माणसाला संघराज्य कायद्यापासून जो कागद वाचवतो तो हाच परवाना! तेव्हा चुलतभावाने आधी परवाना काढावा, तो खिशात असावा, आणि तरीही एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं. ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं उभं राहून एका रात्रीसाठी ती पणाला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. नुसतं सोबत येऊन गाडीत बसावं, थर्मलमधून डुकरं मोजावीत. तीही मदतच आहे.

दुसरं, तुमचा पीव्हीएस-१४. तो घेताना तुम्ही निर्यातीच्या अटींवर सही केली असेल. जेन ३ ट्यूब अमेरिकेच्या शस्त्रास्त्र-निर्यात नियमांत येते. इन्फ्रारेड नेमाचे लेझरही निर्यात-नियंत्रणाखाली आहेत. दिवाळीला घरी जाताना ‘वडिलांना दाखवतो’ म्हणून बॅगेत टाकू नका. परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं हा गंभीर गुन्हा आहे. २००७ साली आयटीटी या ट्यूब बनवणाऱ्या कंपनीनेच नाइट व्हिजनचं तंत्रज्ञान बेकायदा बाहेर दिल्याचं कोर्टात कबूल केलं आणि १० कोटी डॉलर भरले. एवढ्या मोठ्या कंपनीला सोडलं नाही.

ताडोबाबफर

विषय अमेरिकेचा आहे पण वाचून विचारावंसं वाटलं. आमची शेती चंद्रपूरकडे, जंगलाला लागून. रानडुकरं इथेही हरभऱ्याची नासधूस करतात. मारायचं वगैरे काही नाही, पण रात्री कुठून शिरतात ते बघायचंय. इन्फ्रारेड लेझर किंवा दिवा वापरून काही करता येईल का?

मिलिवॅट

दादा, लेझर तुमच्या कामाचा नाही, त्याचा विचार सोडून द्या. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. जंगलाच्या हद्दीला रात्री बंदुकीचा नेम धरायचं साधन जवळ असणं म्हणजे वनखात्याला संशय येणारच, आणि तो रास्तही आहे.

तुम्हाला हवाय ट्रॅप कॅमेरा. त्यात इन्फ्रारेड एलईडीच असतात, लेझर नसतो. दोन प्रकार मिळतात. ८५० नॅनोमीटरचे एलईडी लांबवर उजेड टाकतात, पण त्यांच्याकडे थेट बघितलं तर मंद लाल निखारा दिसतो. माणसालाही दिसतो, म्हणजे चोरालाही दिसतो. ९४० चे दिसत नाहीत, पण पल्ला कमी. वाट अरुंद असेल, कुंपणातली फट असेल, तर ९४० घ्या. कॅमेरा झाडाला गुडघ्याच्या उंचीवर बांधा, वाटेला काटकोनात नव्हे तर तिरका, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. तोंडासमोरचं गवत कापून टाका, नाहीतर रात्रीच्या फोटोत नुसतं पांढरं गवत येईल. तुमची जागा बफरमध्ये आहे, तेव्हा बसवण्याआधी वनरक्षकाच्या कानावर घाला. वाघ टिपला गेला तर त्यांनाही उपयोग होईल.

जाता जाता, तुमच्या ९४० च्या दिव्यावर आमचा जेन ३ जवळजवळ आंधळा असतो, कारण त्या ट्यूबची नजर ९०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर त्यापुढेही बघतो. भातखाचर भाऊ, दिवा विकत घेताना ९४० चा चुकून उचलू नका.

भातखाचर

डीबीएएल-ए३ मागवला, पट्टी वाचून घेतली, क्लास १ आहे. सोबत रेड डॉटची उंच बैठकही. चुलतभावाला ताईंचा प्रतिसाद पाठवला; तो परवाना काढणार आहे आणि तोवर गाडीतच बसणार आहे.

शेवटचं : झीरो कसा करायचा, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी कशी आणायची? दिवसा तर ठिपका दिसत नाही.

मिलिवॅट

छान केलंत. यात दिसणारा लेझरही आहे आणि तो इन्फ्रारेडशी जुळवलेला असतो. एक हलवला की दुसरा सोबत हलतो. तेव्हा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दिसणाऱ्या ठिपक्यावर झीरो करा आणि अंधार पडल्यावर इन्फ्रारेडवर ताडून बघा. ताडणं सोडू नका. दिसणारा लेझर क्लास ३आर, ५ मिलिवॅटपर्यंतचा असतो, म्हणजे या डब्यात डोळ्याला जास्त जपायचा तोच आहे. निशाणीच्या फळीवर चकाकणारा कागद किंवा पत्रा नको.

समजा, लेझर नळीच्या दीड इंच डावीकडे बसला आहे. ठिपका आणि गोळी ५० यार्डांवर एकत्र आणलीत, तर २५ यार्डांवर गोळी ठिपक्याच्या पाऊण इंच उजवीकडे लागेल आणि १०० वर दीड इंच डावीकडे. २०० वर हा फरक साडेचार इंचांचा होतो, पण तुम्हाला तिथे बार काढायचाच नाही. दुसरी रीत समांतर झीरोची : झोत नळीला समांतर ठेवायचा, म्हणजे आडवा फरक सगळ्या अंतरांवर दीड इंचच राहतो. शंभरच्या आतल्या डुकराला दोन्ही चालतात. मी ५० ची रीत वापरतो, कारण माझे बहुतेक बार तिथेच असतात. एक रीत निवडा आणि रायफलच्या दस्त्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

.३०० ब्लॅकआउटमध्ये सबसॉनिक (आवाजाहून हळू जाणाऱ्या) आणि सुपरसॉनिक (आवाजाहून वेगवान) काडतुसांचा झीरो वेगळा येतो. ज्याने शेतावर जाणार त्यानेच झीरो करा. लेझर काढून पुन्हा बसवलात तर पुन्हा पाच गोळ्या कागदावर घालून बघा. आणि निघायच्या आधी त्या भागाच्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन करून ठेवा. सक्ती नाही, पण रात्री बार ऐकून कुणी तक्रार केली तर त्यांना आधीच माहीत असतं. मित्राच्या लेखी परवानगीची प्रत गाडीत असू द्या, त्यावर तारीख आणि जमिनीचा पत्ता घालून.